जुना ट्रेलर परत उभा करताना: आधी पाणी, मग फर्निचर

जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं छोटं फिरतं घर, हाती आला की बहुतेक जण पहिल्यांदा पडद्यांचं कापड आणि कपाटांचे रंग बघायला लागतात, आणि माझं याबाबतीत मत अगदी पक्कं झालंय की ते सगळं शेवटी बघायचं असतं. आधी पाणी. बाहेरचं पाणी आत शिरता कामा नये, आतलं पाणी ठरवून दिलेल्या वाटेनंच गेलं पाहिजे, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक जोड कपाट न तोडता हाताला लागला पाहिजे. मी आणि माझ्या नवऱ्यानं आमचा ट्रेलर या एकाच धोरणावर पार सांगाड्यापासून परत उभा केला, ते कसं कसं होत गेलं ते लिहून काढतेय, जरा लांबलंय पण प्लंबिंगचा भाग तरी नीट वाचा.

ट्रेलर १९६० च्या दशकातला, छोटा, पुढून मागून गोलाकार, हॅमच्या डब्यासारख्या आकारामुळे ज्याला कॅन्ड हॅम म्हणतात त्या जातीचा. एअरस्ट्रीम या कंपनीच्या ट्रेलरचा प्रकार वेगळा, १९३६ च्या क्लिपरपासून रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ही त्यांची ओळख. आमच्यात मात्र आत सगळा लाकडी सांगाडा, पाऊण इंची पट्ट्यांचा, त्याला आतून ३ मिलिमीटरचं बर्च प्लाय आणि बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. आणि एक गोष्ट समजल्याशिवाय यात हात घालू नये, हे ट्रेलर आतून बाहेर बांधत आणलेले असतात. आधी चासीवर जमीन, मग आतल्या भिंती आणि फर्निचर, मग वायरिंग, मग इन्सुलेशन, आणि पत्रा सगळ्यात शेवटी. म्हणजे कपाटांचे स्क्रू भिंतीच्या बाहेरच्या अंगानं मारलेले असतात आणि ते पत्र्याखाली झाकलेले असतात. त्यामुळे कुजलेलं लाकूड बदलायचं तर आतून प्लाय उचकटून काही होत नाही, पत्राच उतरवावा लागतो, उलट्या क्रमानं जावं लागतं.

पत्रा उतरवला तेव्हा जे दिसलं ते अपेक्षितच होतं पण तरी पोटात कालवाकालव झाली. खिडक्यांचे खालचे कोपरे, मागची तळातली आडवी पट्टी, चाकांच्या वरची कमान आणि कोपऱ्याच्या ट्रिममागची लाकडं, टोचा मारला की सरळ आत जायचा आणि ओला भुसा बाहेर यायचा. आतून प्लायवर तेवढा मोठा डागही नव्हता. आधीच्या मालकानं गळती थांबवायला दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं होतं. जुन्या ट्रेलरला सिलिकॉन लावू नका, मनापासून सांगते. ते पत्र्याच्या हालचालीबरोबर एका कडेनं सुटतं, मग पाणी आत जातं पण बाहेर यायला वाट राहत नाही, आणि एकदा लागलेल्या सिलिकॉनवर दुसरं काही म्हणजे काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. सगळं प्लास्टिकच्या पात्यानं खरवडून काढावं लागलं. परत बसवताना ट्रिम, खिडक्या, छतावरचा व्हेंट सगळ्यांखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, ती कायम मऊ राहते आणि पुन्हा उघडता येते, आणि छतावरच्या सांध्यांवर पसरणारा लॅप सीलंट.

पत्र्याच्या प्रत्येक तुकड्यावर नंबर, बाण, फोटो. परत लावताना खालून वर यायचं, वरचा पत्रा खालच्यावर चढला पाहिजे म्हणजे पाणी सांध्यावरून ओघळून जातं. आणि स्क्रू साधे लोखंडी वापरू नका, दोन वेगळे धातू आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते, जुन्या प्रत्येक लोखंडी स्क्रूभोवती पांढरी पावडर जमलेली होती आणि भोकं मोठी झालेली. आम्ही स्टेनलेसचे घेतले. तेही वेगळाच धातू आहेत, पण लोखंडासारखे गंजून फुगत नाहीत, आणि प्रत्येक स्क्रू ब्यूटाइलमधूनच गेला पाहिजे म्हणजे तिथे ओल पोचत नाही.

लाकडाचं काम सांगण्यासारखं फारसं नाही, कुजका तुकडा कितीही भुसभुशीत असला तरी फेकायचा नाही, तोच नव्या लाकडावर ठेवून आखायचा. गोल भागाच्या कमानी तशाच उतरवल्या. चासीवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढून जिथे लोखंड पातळ झालं होतं तिथे वेल्डरकडून नवे आडवे पाईप टाकून घेतले. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस, ब्रेक नवे, आणि टायर. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बनवल्याची तारीख सांगतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, उभ्या ट्रेलरचं रबर न चालताच म्हातारं होतं.

आता प्लंबिंग. मूळ ट्रेलरमध्ये पाण्याची व्यवस्था अगदी जुजबी होती, एक छोटी पाण्याची टाकी, ओट्यावर हातपंप, आणि सिंकचं पाणी जमिनीतून खाली काढलेल्या पाईपनं सरळ बाहेर, त्याखाली बादली ठेवायची. त्या काळच्या बऱ्याच छोट्या ट्रेलरमध्ये हेच असायचं. आम्हाला हवं होतं गरम पाणी, छोटीशी न्हाणी, आणि सांडपाणी टाकीत. म्हणजे जिथे कधी प्लंबिंग नव्हतंच तिथे सगळं नव्यानं बसवायचं, तयार किट कुठलंच बसणार नाही कारण एकही भिंत सरळ नाही.

त्यामुळे पहिलं काम, उघड्या जमिनीवर मास्किंग टेपनं सगळं आखलं. टाक्या कुठे, पंप कुठे, हीटर कुठे, प्रत्येक पाईप कुठून कुठे. यात सगळ्यात मोठा मुद्दा वजनाचा आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आमची पिण्याच्या पाण्याची टाकी ७५ लिटरची, म्हणजे एक मोठा माणूस बसल्यासारखंच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या हुकवर यायला हवं, ते कमी झालं की वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. आता समजा स्वच्छ पाण्याची टाकी पुढे ठेवली आणि सांडपाण्याची मागे, तर तुम्ही जसजसं पाणी वापराल तसतसं तेच वजन पुढून मागे सरकत जाणार. निघताना बरोबर असलेला ट्रेलर परतताना धोकादायक. म्हणून दोन्ही टाक्या एक्सलच्या आसपास घेतल्या, स्वच्छ पाण्याची किंचित पुढे, बैठकीच्या बाकाखाली, आणि सांडपाण्याची बरोबर तिच्याजवळ पण जमिनीखाली, चासीच्या दोन बीममध्ये. सांडपाण्याच्या टाकीला लोखंडी अँगलची पाळणावजा चौकट करून घेतली आणि मध्ये रबराच्या पट्ट्या, प्लास्टिकची टाकी लोखंडावर घासत राहिली तर भोक पडायला वेळ लागत नाही.

पाईप पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे घेतले, अर्धा इंची, लाल गरम आणि निळा थंड. तांब्याचे पाईप दिसायला सुंदर, पण ट्रेलर रस्त्यावर सतत थरथरतो आणि डाग दिलेले जोड त्याला कंटाळतात. पेक्स लवचिक, गोठलं तरी बऱ्याचदा पाईप टिकतो, फुटतात ती फिटिंग्ज. फक्त त्याला ऊन चालत नाही, त्यामुळे बाहेर उघडा ठेवायचा नाही. जोडांना स्टेनलेसच्या क्लॅम्प रिंग वापरल्या कारण तो पक्कडीसारखा टूल कोपऱ्यात एका हातानं चालवता येतो, तांब्याच्या रिंगवाल्या क्रिंप टूलचे लांब दांडे ट्रेलरच्या कपाटात उघडतच नाहीत.

पण खरा निर्णय वेगळा होता. नेहमीची पद्धत म्हणजे एक मुख्य पाईप नेत जायचा आणि वाटेत टी लावून फाटे काढायचे. आम्ही तसं न करता पंपाशेजारी एक मॅनिफोल्ड, म्हणजे एका पाईपातून अनेक फाटे काढणारा जोड, बसवला आणि तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र पाईप, मध्ये एकही जोड नाही. पाईप जास्त लागतो, पण जोड फक्त दोन ठिकाणी राहतात, मॅनिफोल्डवर आणि नळाखाली, आणि दोन्ही ठिकाणी हात पोचतो. भिंतीमागे आंधळा जोड एकही नाही. प्रत्येक फाट्याला आपला छोटा व्हॉल्व्ह आहे, एक नळ बिघडला तर बाकीचे चालू. मी तर म्हणेन छोट्या ट्रेलरला हीच पद्धत योग्य, अंतरं कमीच असतात त्यामुळे जास्तीचा पाईप म्हणजे किती, काही हातच.

पंप १२ व्होल्टचा डायफ्रामवाला, नळ उघडला की दाब उतरतो आणि तो आपोआप सुरू होतो, नळ बंद केला की दाब ५० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास गेला की थांबतो. त्याच्या आधी गाळणी हवीच, नव्या टाकीत भोकं पाडताना जो प्लास्टिकचा कीस पडतो तो कितीही धुतला तरी थोडा राहतोच आणि पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये एक कीस अडकला की तो रात्रभर थोड्या थोड्या वेळानं घुरघुरत बसतो. पंप थेट जमिनीवर न बसवता रबराच्या पायांवर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर लवचिक होज, पेक्स सरळ पंपाला जोडला तर कंपन पूर्ण भिंतीभर पसरतं. पुढे छोटी अ‍ॅक्युम्युलेटर टाकी, आत रबराचा फुगा आणि हवा, त्यानं पंपाचं सारखं चालू बंद होणं थांबतं. बाहेरच्या नळाला जोडण्यासाठी वेगळं इनलेट, तिथे प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, कुठे किती दाब असेल सांगता येत नाही.

हातपंपाबद्दल जरा जास्त लिहिते कारण तो माझा जीव की प्राण. मूळचा, क्रोमचा, दांडा पुढे मागे करायचा. सगळे म्हणत होते काढून टाका आणि छान नळ बसवा. तो उघडला, आतला रबरी कप कडक होऊन चिरला होता, तेवढा बदलला, दांड्याच्या पिनला ग्रीस दिलं आणि तो पहिल्यासारखा चालायला लागला. पण तो इलेक्ट्रिक पंपाच्या लाइनवर टी मारून जोडायचा नाही. दाबाच्या बाजूला जोडला तर पंप त्याच्यातून पाणी ढकलून देणार, आणि ओढण्याच्या बाजूला जोडला तर इलेक्ट्रिक पंप पाण्याऐवजी हातपंपातून हवा ओढणार. म्हणून टाकीत त्याच्यासाठी वेगळी बुडवलेली नळी सोडली आणि तिच्या तळाला एक छोटा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे नळीतलं पाणी खाली उतरत नाही आणि पहिल्या दोन हेलकाव्यांतच धार येते. बॅटरी पूर्ण संपली तरी ओट्यावर पाणी आहे. ती धार पाणी वाया न घालवता वापरायला इतकी सोयीची आहे की भांडी विसळायला मी आता तोच वापरते.

गरम पाण्यासाठी टाकीवाला गॅस हीटर की झटपट गरम करणारा, यावर आमच्यात बराच खल झाला. झटपटवाल्याला जागा कमी लागते पण त्याला पेट घ्यायला पाण्याचा ठराविक वेग लागतो, नळ बारीक सोडला की ज्योत जाते आणि मध्येच गार पाण्याचा झोत येतो. पाणी कमी वापरायची सवय असलेल्या माणसाला ते सोसत नाही. म्हणून सुमारे २२ लिटरचा टाकीवाला घेतला. त्याला तीन व्हॉल्व्हचा बायपास नक्की ठेवा, थंडीत पाईप गोठू नयेत म्हणून त्यात अँटीफ्रीझ भरताना ती टाकी वगळता येते.

सांडपाण्याची बाजू लोकांना सोपी वाटते, पाणी काय खालीच जाणार. पण तिथेच जास्त विचार लागतो. दीड इंची पाईप, फुटामागे पाव इंच उतार, आणि ट्रेलर उभा असताना तो उतार मोजायचा तर आधी ट्रेलर नीट लेव्हल करून घ्यायचा. मग ट्रॅप. घरात सिंकखाली वाकलेला पाईप असतो ना, त्यात पाणी साठून टाकीचा वास अडतो, ट्रेलरमध्ये ते पाणी खड्ड्यांतून डचमळून निघून जातं आणि गाडी थांबवून दार उघडलं की वास नाकात. शिवाय न्हाणीखाली तेवढी खोली नव्हतीच. तिथे आम्ही हेपव्हो नावाचा बिनपाण्याचा व्हॉल्व्ह लावला, आत एक मऊ पापुद्रा असतो, पाणी आलं की उघडतो आणि एरवी मिटलेला राहतो, आडवाही बसतो. सिंकखाली जागा होती म्हणून तिथे नेहमीचा ट्रॅप.

आणि व्हेंट. टाकीत पाणी शिरायचं तर हवा बाहेर पडली पाहिजे, नाहीतर गुडगुड आवाज येतो आणि जाता जाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. सिंकखाली लावायचा हवेचा एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो, तो हवा आत घेतो पण टाकीतली बाहेर सोडत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही, छतावर उघडणारा निदान एक तरी पाईप लागतोच. आमचा कपड्यांच्या कपाटाच्या कोपऱ्यातून वर नेला आणि त्याला काढता येईल अशी बर्चची पट्टी लावून झाकला. छताला नवं भोक पाडताना हात थरथरतोच, इतकी मेहनत करून पाणीबंद केलेल्या छताला आपणच भोक पाडायचं.

सगळे पाईप टाकून झाल्यावर, एकही भिंत झाकायच्या आधी, हवेनं चाचणी घेतली. गेज लावून सायकलच्या पंपानं ४० पीएसआयपर्यंत हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. पेक्स सुरुवातीला जरासा ताणतो म्हणून काटा थोडा खाली येतो, तेव्हा घाबरायचं नाही, परत भरायचं आणि मग रात्रभर ठेवायचं. काटा सकाळी जागेवर होता. मग इन्सुलेशन, मग पत्रा.

न्हाणीचं तळ म्हणजे शॉवर पॅन ही या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट. तयार पॅन बसण्याचा प्रश्नच नव्हता, एका कोपऱ्यात चाकाची कमान आत आलेली, दुसरा कोपरा गोल. म्हणून प्लायचा साचा जागेवरच केला आणि त्यावर फायबरग्लास. आधी तळाला निमुळत्या पट्ट्या लावून सगळ्या बाजूंनी उतार ड्रेनकडे आणला, ड्रेन मुद्दाम कोपऱ्यात न घेता मध्ये घेतला म्हणजे ट्रेलर जरा तिरका उभा असला तरी पाणी कुठेतरी साठून राहत नाही. मग कडांना घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरली, गोल चमच्याच्या पाठीनं ओढत ओढत. ही गोलाई महत्त्वाची, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात उचललं जातं आणि मागे हवेचा बुडबुडा राहतो, आणि पुढेमागे नेमकं तिथेच पाय पडून तडा जातो. कापड घातलं की आधी ते पांढरं दिसतं आणि इपॉक्सी मुरत गेली की एकदम पारदर्शक होऊन खालचं लाकूड दिसायला लागतं, जिथे पांढरं राहिलं तिथे अजून मुरलेलं नाही हे लगेच कळतं, ब्रशनं हळूहळू दाबत जायचं, ओढायचं नाही. दुसरा थर पहिला पूर्ण वाळायच्या आत, चिकट असतानाच, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. पूर्ण वाळला असेल तर वरचा तेलकट थर पाण्यानं धुऊन, सँडपेपर मारून मगच पुढे जायचं. हातमोजे आणि मास्क सगळ्या वेळ. शेवटी ड्रेनला बूच मारून पॅन काठोकाठ भरला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला, खाली कोरडा कागद पसरून. कागद कोरडा होता, आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून हसत होतो.

फर्निचरकडे आम्ही आलो तेव्हा पाण्याची सगळी गणितं सुटलेली होती आणि कपाटांना फक्त त्याभोवती बसायचं होतं. या ट्रेलरमध्ये कपाटं आणि आडव्या भिंती या नुसत्या सामान ठेवायला नसतात, त्या दोन बाजूंच्या भिंतींना धरून ठेवतात, म्हणून मूळच्या जागा आम्ही फारशा हलवल्या नाहीत. गुण्या आणि ओळंबा इथे फार उपयोगाचे नाहीत, भिंत गोल आहे आणि डावी उजवी सारखी नाही. पुठ्ठ्याचा साचा करायचा, भिंतीला टेकवायचा, कंपासचं टोक भिंतीवर फिरवत पेन्सिलीनं तीच रेघ पुठ्ठ्यावर उमटवायची, कापायची, परत लावून बघायची, आणि पुठ्ठा तंतोतंत बसला की मगच प्लायला हात लावायचा. कपाटांना १२ मिलिमीटरचं बर्च प्लाय, घरातल्या फर्निचरला वापरतो तेवढं जाड इथे नको, वजन बघता बघता वाढतं.

प्रत्येक बाकाचा वरचा फळा बिजागरीवर उचलला जातो. पंप आणि मॅनिफोल्डसमोरचं पॅनल चार स्क्रूंवर आहे, हीटरमागचं लोहचुंबकावर. सिंकखालच्या कपाटाला मागची पाठच ठेवली नाही. नवऱ्याचं म्हणणं होतं की आतून पाईप दिसतात ते बरं दिसत नाही, पण मी हटले नाही, आणि आता तोच पाहुण्यांना दार उघडून पाईप दाखवतो.

ड्रॉवर रस्त्यात उघडू नयेत म्हणून जुन्या पद्धतीची खाच ठेवली, ड्रॉवर बंद केला की त्याची तळाची पट्टी पुढच्या चौकटीत जराशी खाली उतरून बसते, उघडताना आधी थोडं उचलायचं आणि मग ओढायचं. वरच्या कपाटांना दाबून उघडणारे खटके. नुसत्या चुंबकाच्या भरवशावर वरचं कपाट सोडू नका, पहिल्याच वळणाला सगळं खाली येईल. ओट्याला लॅमिनेट आणि कडेला खाचा असलेली ॲल्युमिनियमची पट्टी, त्या काळासारखी. लॅमिनेट चिकटवताना दोन्ही बाजूंना काँटॅक्ट सिमेंट, हाताला चिकटेनासं झालं की मध्ये गोल काठ्या ठेवून वर लॅमिनेट, आणि मधून सुरुवात करून एकेक काठी काढत जायचं, एकदा टेकलं की हलत नाही.

भिंतींच्या बर्चला शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, अंबर रंगाचा. मूळ ट्रेलरची ती मधासारखी झाक दुसऱ्या कशानं येतच नाही. शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळलेला असतो, पटकन वाळतो आणि नवा थर जुन्यात थोडा मुरतो, त्यामुळे पुढे कधी ओरखडा आला तरी तेवढाच भाग दुरुस्त होतो. पाण्याशी मात्र त्याचं जमत नाही, पांढरे डाग पडतात. म्हणून सिंकभोवती त्यावर पॉलियुरेथेन मारलं, आणि ते धरायचं तर खालचा शेलॅक मेण काढलेलाच हवा.

वायरिंग आणि गॅस थोडक्यात. १२ व्होल्टला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. मुख्य विजेच्या बाजूला जुन्या दोन तारांचं सगळं काढून अर्थिंगसकट नवं टाकलं आणि चासी आणि पत्रा अर्थला जोडला, कारण अर्थिंग नसेल आणि कुठे एक तार सोलली तर बाहेरचा सगळा पत्राच जिवंत होतो, ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. गॅसची लाइन परवाना असलेल्या माणसाकडूनच करून आणि दाब तपासून घेतली. यात हौस चालत नाही.

पहिलं पाणी भरण्याआधी टाकी निर्जंतुक केली, साधारण ६० लिटर पाण्याला ६० मिलिलिटर साधं, बिनवासाचं ब्लीच, सगळ्या नळांना वास येईपर्यंत सोडायचं, हातपंपालासुद्धा, रात्रभर तसंच, आणि मग वास जाईपर्यंत धुवायचं. त्यानंतर भरलेल्या टाकीसकट मुद्दाम खराब रस्त्यावर नेऊन आणलं. परत आल्यावर टॉर्च आणि कोरडा टिश्यू घेऊन प्रत्येक जोडाखालून फिरवला. पंपाच्या बाहेरच्या बाजूचा हातानं आवळायचा नट थरथरीनं सैल झाला होता आणि तिथे टिश्यूला ओल लागली. पॅनलचे चार स्क्रू काढले, नट आवळला, पॅनल लावलं. चहा गॅसवरून उतरायच्या आत झालं.

थंडीसाठीची पद्धत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलीय, कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर. हीटर गार झाल्यावर रिकामा, बायपास फिरवायचा, टाकी रिकामी, मग पंपाला ओढण्याच्या नळीतून गुलाबी अँटीफ्रीझ द्यायचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, गाडीच्या रेडिएटरचं अजिबात नाही ते विषारी असतं, आणि सगळ्यात लांबच्या नळापासून सुरू करून गुलाबी येईपर्यंत एकेक नळ सोडायचा. ट्रॅपमध्ये एक पेलाभर. हातपंपाचं पाणी वेगळं काढावं लागतं, तो यादीत शेवटी लाल अक्षरात आहे. आता मागच्या बाजूच्या, आडव्या पट्ट्यांच्या खिडकीचं गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) तेवढं राहिलंय, हवा तो आकार मिळाला की ते बसवायचं आणि त्या खिडकीवर पाईपनं पाणी मारून बघायचं.